उलटे थर

रात्री परातीत ओतून ठेवलेलं जिलेटिन सकाळी घट्ट झालं होतं. मामीने वरचं ताट उचलून पाहिलं आणि विचारलं, "चीक कुठून आणलास गं? अन् वेलदोडा नाही टाकला?" तिचं काही चुकलं नव्हतं. जेल प्लेट दिसते ती हुबेहूब खरवसासारखी. फिकट, किंचित पारदर्शक, काठाशी थरथरणारी. बोटाने दाबलं की खड्डा पडतो, बोट उचललं की पुन्हा सपाट. हा खरवस नाही हे कळल्यावर मामीचा दुसरा प्रश्न आला, "मग माझी परात कशाला घेतलीस?" तो प्रश्न अगदी रास्त होता. त्याकडे लवकरच येऊ.

गाव निंबोला. बुऱ्हाणपूरहून खंडवा-इंदूरकडे निघालं की तापीकाठ मागे पडतो, सातपुडा जवळ येऊ लागतो आणि असीरगडाच्या अलीकडे हे गाव लागतं. जिल्हा मध्य प्रदेशातला, पाट्या हिंदीत; पण खानदेशच्या जुन्या सुभ्याची राजधानी बुऱ्हाणपूरच होती, आणि आजही इकडच्या कितीतरी घरांत मराठी बोलली जाते, सोयरिकी रावेर-जळगावकडे होतात. या प्रकरणात आपण घरच्या घरी, कुठल्याही यंत्राशिवाय, निसर्गदृश्यांची अमूर्त मुद्राचित्रं करणार आहोत. त्यासाठी मला निंबोला सोयीचं वाटतं, कारण इथला प्रदेश आधीच कुणी छापून ठेवल्यासारखा आहे. खाली काळी माती, तिच्यावर केळीचा हिरवा पट्टा, त्यावर डोंगराची करडी-निळी पट्टी, वर आकाश. पानन् पान रेखाटण्याचा मोह इथे फारसा होतच नाही.

मुद्राचित्र म्हटलं की डोळ्यांपुढे लोखंडी प्रेस येतो. तांब्याचा पत्रा किंवा लाकडी ठसा कठीण असतो, कागदही आपल्या जागी ताठ असतो. दोघांची गाठ सर्वांगाने पडावी म्हणून वरून मोठा दाब द्यावा लागतो. जेल प्लेटमध्ये ही अडचण उलट्या बाजूने सुटते. इथे पाटीच मऊ असते. कागद ठेवून तळहाताने हलकेच चोळलं की ती कागदाच्या प्रत्येक उंचवट्याला जाऊन भिडते. राहिला रंग. ॲक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे सूक्ष्म कण आणि सोबत रंगद्रव्य. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. या रंगाला जेलवर नीट पकड मिळत नाही. कागदाच्या तंतूंत मात्र तो ओला असतानाच शिरतो. या ओढाताणीत कागद जिंकतो आणि रंग त्याच्याबरोबर उचलला जातो. कलेचा सगळा भाग यानंतर सुरू होतो, पण तंत्र एवढंच.

जिलेटिनवरून छापणं ही हल्लीची टूम नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेक्टोग्राफ नावाचं एक साधन कचेऱ्यांत आणि शाळांत रूढ झालं होतं. ट्रेमध्ये जिलेटिन आणि ग्लिसरीनचा थर. त्यावर ॲनिलीन शाईने लिहिलेला कागद उलटा दाबायचा, शाई जेलमध्ये उतरली की कोरे कागद एकामागून एक लावून प्रती काढायच्या. 'हेक्टो' म्हणजे ग्रीकमध्ये शंभर. शंभर प्रती क्वचितच निघत आणि शेवटच्या वाचण्यासाठी चष्म्यापेक्षा श्रद्धाच जास्त लागत असावी. १९१४ साली पीटर्सबर्गमधल्या रशियन भविष्यवादी कवी-चित्रकारांनी 'ते ली ले' हे रंगीत पुस्तक याच कारकुनी साधनावर छापलं. आज बाजारात मिळणारी पारदर्शक, न वितळणारी जेल प्लेट जिलेटिनची नसते. ती खनिज तेल आणि लवचीक प्लास्टिकपासून करतात. फिलाडेल्फियातल्या जेली आर्ट्स या कंपनीने २०११ च्या सुमारास तिचा प्रसार सुरू केला आणि तिथून ती घराघरांतल्या टेबलांवर पोचली.

विकत घेतली तर उत्तमच. नसेल घ्यायची तर घरी करता येते. साधारण २० × २५ सेंटिमीटरच्या ट्रेसाठी ६० ग्रॅम जिलेटिन, २५० मिलिलिटर ग्लिसरीन आणि ३५० मिलिलिटर पाणी. जिलेटिन आधी ग्लिसरीनमध्ये कालवायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग गरम पाणी ओतून हळूहळू ढवळायचं. फेटायचं नाही; बुडबुडे झाले की प्रत्येक बुडबुडा पुढच्या प्रत्येक छाप्यात पांढरा ठिपका होऊन बसतो. पूर्ण विरघळलं नाही तर भांडं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचं, पण मिश्रण उकळू द्यायचं नाही. उकळीने जिलेटिनचा दम जातो. ओतल्यावर वर आलेला फेस कागदाच्या पट्टीने एका बाजूला ओढून काढायचा. आणि परात ओट्यावर समतल आहे ना, ते ओतण्याआधी बघायचं. मी ते नंतर बघितलं. माझी पहिली पाटी एका कडेला दोन बोटं जाड आणि दुसरीकडे पापडाएवढी निघाली.

आता मामीचा प्रश्न. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात. माळकरी घरात ते स्वयंपाकाच्या परातीत ओतणं योग्य नव्हतं, आणि रंग लागल्यावर ती परात कणकेसाठी वापरायची नाही, हा नियम तर सगळ्यांनाच लागू. मी बाजारातून वेगळा स्टीलचा ट्रे आणला आणि परातीची भरपाई म्हणून नवी परातही. ज्यांना जिलेटिन नको, त्यांना चायना ग्रास आहे, समुद्रशैवालापासून केलेलं. त्याची पाटी होते, पण ती कडक आणि ठिसूळ असते. रोलर जोरात फिरवला की तडकते, तासाभरात पाणी सोडू लागते. तिचा एक गुण मात्र निंबोल्यात सोन्याच्या मोलाचा. चायना ग्रास एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. जिलेटिन पस्तिशीतच नरमतं, आणि इथल्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वरच असतो. मी एकदा भर उन्हाळ्यात दुपारी पाटी ओसरीवर ठेवून जेवायला बसले. हात धुऊन आले तेव्हा ट्रेमध्ये सरबत होतं. तोटा झाला नाही, कारण जिलेटिनची पाटी पुन्हा ओतता येते, तडे गेलेली पाटीही अशीच वितळवून नवी करता येते. पण उन्हाळ्यातला खरा वैरी वेगळाच आहे. त्या कोरड्या झळांत ॲक्रिलिक रंग रोलर फिरता फिरताच वाळतो. पावसाळ्यात नेमकं उलट. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं, पाटीला घाम फुटतो, रंग घसरतो आणि आठवडाभर विसरलात तर बुरशीही येते. माझं मत विचाराल तर केळीची कांदेबाग लावून झाली की छापायला बसावं. दिवाळी ते शिमगा.

सामान थोडंच लागतं. एक रबरी रोलर. ॲक्रिलिक रंग, दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरुवात केलेल्या कॅमलिनच्या छोट्या बाटल्या तालुक्याच्या गावीही मिळतात. पांढरा, काळा, निळा, पिवळी माती आणि गेरूसारखा एक तांबूस, बस. हिरवा विकत घेऊ नये. बाटलीतला हिरवा कुठल्याच शेतात उगवत नाही.

कागदावर मात्र थांबायला हवं, कारण कागद इथलाच विषय आहे. याच जिल्ह्यात नेपानगर आहे. देशातली पहिली न्यूजप्रिंट गिरणी तिथे उभी राहिली आणि १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. भोवतालच्या जंगलातली सालई आणि बांबू हा तिचा कच्चा माल होता. म्हणजे एके काळी देशाची वर्तमानपत्रं सातपुड्याच्या झाडांवर छापली जात होती असं म्हणायला हरकत नाही. न्यूजप्रिंट टिकाऊ नसतो. लाकडातलं लिग्निन त्यात शिल्लक असतं, ते उजेडाने पिवळं पडतं. जपून ठेवायच्या चित्राला जाड, सुती कागद घ्यावा. पण सरावाला आणि फाडायला न्यूजप्रिंटसारखा कागद नाही. फाडायला का, तर त्यातच या प्रकरणाची निम्मी कला आहे.

रद्दीतला एक अंक घ्या आणि पान वरून खाली फाडा. मग आडवं फाडा. एका दिशेने चीर सरळ जाईल, दुसऱ्या दिशेने वेडीवाकडी, दातेरी. यंत्रावर कागद तयार होताना तंतू बहुतेक एकाच दिशेला लोळतात. त्यांच्या बाजूने फाडलं की सरळ, आडवं फाडलं की खडबडीत. सरळ फाडलेली कड म्हणजे बांध, कालवा, क्षितिज. दातेरी कड म्हणजे डोंगर. कात्रीने डोंगर कापू नका. कापलेला डोंगर सहलीच्या फलकावरचा वाटतो.

आता पहिला छापा. पाटीवर शेंगदाण्याएवढे तीन-चार थेंब: दोन पांढरे, एक निळा, एक पिवळी माती. रोलर फक्त आडवा फिरवायचा. रंग पूर्ण एकजीव करायचे नाहीत, पट्टे राहू द्यायचे. कान देऊन ऐका. रंग जास्त असेल तर रोलर गुपचूप घसरतो. थर बेताचा झाला की चरचर असा बारीक आवाज येतो. नवशिक्यांचे दहातले नऊ छापे जास्त रंगाने बिघडतात, त्यामुळे या आवाजावर माझा डोळ्यांपेक्षा अधिक विश्वास आहे. कागद ठेवा, तळहाताने चोळा, एका कोपऱ्यापासून उचला. हे आकाश. कागदाचे दोन कोपरे कुठे बसले होते ते ट्रेखालच्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने खुणावून ठेवा, पुढचा थर त्याच जागी बसायला हवा.

पुढच्या खेपेला पाटीवर करडा-निळा. आकाशाच्या जागी दातेरी फाडलेला न्यूजप्रिंट ठेवला की तिथला रंग कागदापर्यंत पोचत नाही, खाली फक्त डोंगर उतरतो. असीरगडाचे तीन टप्पे आहेत, वरचा असीरगड, मधला कमरगड आणि खालचा मलयगड. अकबराला हा गड १६०१ साली मिळाला तो दीर्घ वेढ्यानंतर. आपल्याला तीन फाडलेल्या पट्ट्यांत मिळतो. तटबंदी, मशीद, दरवाजे काही दाखवायचं नाही. तीन कडा, तीन छटा.

छटांसाठी एक युक्ती आहे आणि ती बहुतेकांना अपघातानेच सापडते. एकदा कागद उचलल्यावर पाटीवर थोडा रंग उरतोच. त्यावर लगेच दुसरा कागद दाबला तर फिकट, पुसट, कधी कधी मूळ छाप्याहून सुंदर ठसा येतो. मुद्राचित्रकार याला घोस्ट प्रिंट म्हणतात. मी उरलंसुरलं म्हणते. दूरचे डोंगर फिके आणि निळसर दिसतात, कारण आपल्या आणि त्यांच्यामधली हवा प्रकाश विखुरते. म्हणून लांबच्या रांगेसाठी नवा फिका रंग कालवत बसू नये. जवळच्या डोंगराचं उरलंसुरलं दुसऱ्या कागदावर घ्यावं. हवेचं काम पाटी आपोआप करते.

इथे एका फ्रेंच माणसाची आठवण काढायला हवी. एडगर देगा म्हटलं की नर्तकी आठवतात. पण १८९० च्या ऑक्टोबरात तो शिल्पकार मित्र बार्तोलोमेबरोबर घोडागाडीने बर्गंडीतल्या दिएने गावी गेला, आणि तिथे जानियो या चित्रकाराच्या घरी पत्र्यावर तैलरंग पसरून, फडक्याने, बोटांनी पुसून त्याने निसर्गदृश्यांचे छापे काढायला सुरुवात केली. समोर निसर्ग नव्हता. वाटेत जे पाहिलं होतं त्यातलं जे उरलं, तेवढंच. १८९२ मध्ये द्युरां-र्युएलच्या दालनात ती मालिका लागली तेव्हा लोक चक्रावले, कारण त्यातल्या कित्येक चित्रांत टेकडी कुठली आणि ढग कुठला, हेच ठरवता येत नव्हतं. रेल्वेच्या दारात उभं राहून नुसतं पाहत राहण्यातून ही चित्रं आली, अशा अर्थाचं त्याने एका मित्राला सांगितलं होतं. इंदूर-बुऱ्हाणपूर बसच्या खिडकीशी बसलेल्या कुणालाही हे समजेल. घाट उतरल्यावर आठवायला लागलं तर झाड आठवत नाही, पट्टा आठवतो. अमूर्त निसर्गचित्र म्हणजे काहीतरी गूढ काढणं असा धाक मनात असेल तर तो काढून टाका. आधी प्रवास, मग दुसऱ्या दिवशी छपाई, एवढंच करा. फोन पिशवीत राहू द्या.

पोतासाठी निंबोल्यात दुकानात जावं लागत नाही. केळीच्या पानाची मागची बाजू बघा. मधल्या दांड्यापासून निघालेल्या शिरा एकमेकींना समांतर, जवळजवळ. पान एखादा दिवस सुकू द्या, ताज्या पानावरचं मेण रंग झिडकारतं. रंगाच्या थरावर ते दाबून उचलून घ्या, पाटीवर नांगरलेलं शेत दिसेल. केळीच्या खोडाची सोप आडवी कापली तर आत हवेचे चौकोनी कप्पे असतात. तो काप ठशासारखा उमटवला की वाफ्यांचा नकाशा होतो. फक्त ताज्या खोडाचा चीक कपड्यांवर पडू देऊ नका, त्याचे तपकिरी डाग जन्मात निघत नाहीत. बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांवरचे तुटके धागे आणि काठाच्या चिंध्या हेही आयते मिळतात. आणि बाटलीचं एक झाकण जवळ ठेवा. शहराच्या उत्तरेला कुंडी भंडारा आहे, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली केलेली पाणीव्यवस्था. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी भुयारातून शहरात आणलेलं, आणि त्या भुयारावर ओळीने शंभरावर विहिरींची तोंडं. जमिनीवरून चालताना दिसतात ती फक्त गोल कडी, एकामागून एक. काळ्या मातीच्या पट्ट्यावर झाकणाने आठ-दहा गोल उमटवा. चित्रातलं पाणी जमिनीखाली आहे हे सांगायला निळा रंग लागत नाही.

आता या प्रकरणाच्या नावाकडे येते. वर सांगितलेल्या पद्धतीत थर कागदावर चढत जातात: आधी आकाश, मग डोंगर, शेवटी माती. जे शेवटी, ते सगळ्यांत वर. दख्खनचा बेसॉल्टही असाच रचला गेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या लोटावर लोट आले, खालचा आधीचा, वरचा नंतरचा. पण जेल प्लेटवर दुसरीही पद्धत आहे, आणि ती डोकं फिरवते. इथे पाटीवरच थर द्यायचे आणि प्रत्येक थर वाळू द्यायचा. आधी सगळ्यांत पुढचं: केळीच्या शिरा, मातीतले गोल. वाळलं की त्यावर शेताचा हिरवा. वाळला की डोंगर. शेवटी सगळ्या पाटीवर आकाशाचा फिका रंग, आणि तो ओला असतानाच कागद दाबायचा. पंधरा-वीस मिनिटं वजन ठेवून थांबायचं. ओला रंग डिंकाचं काम करतो. मागचे सगळे वाळलेले पापुद्रे त्याला धरून एकदम कागदावर येतात. उलटून पाहिलं की सगळ्यांत आधी दिलेला थर सगळ्यांत वर असतो. काचेच्या मागून रंगवलेल्या जुन्या देवांच्या तसबिरी अशाच होत. डोळ्यातली बाहुली आधी, चेहरा मग, पार्श्वभूमी शेवटी. भूगर्भशास्त्र शिकलेल्याला हे फार त्रासदायक जातं, रांगोळी घालणाऱ्याला तर आणखीच. आधी ठिपके, मग रेषा, मग रंग या सवयीच्या हाताला इथे उलट्या पावली चालावं लागतं. पण कडा अशा स्वच्छ आणि रंग असे दाट येतात की एकदा जमलं की पहिली पद्धत मिळमिळीत वाटू लागते.

रोलर आणि कागदाने रंग लावणं-उचलणं ही निव्वळ हौशी मंडळींची करामत नाही, हे सांगायला वासुदेव गायतोंडे पुरेसे आहेत. नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या या चित्रकाराने कॅनव्हासवर रोलर आणि सुरीने रंगाचे थर दिले, कागदाचे तुकडे लावून रंग उमटवला, उचलला, पुन्हा झाकला. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलं त्यांना आवडत नसे. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, असं त्यांचं म्हणणं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यांच्या चित्रांतल्या आडव्या पट्ट्यांत लोकांना समुद्र दिसतो. त्यांनी तो काढला होता असं मात्र कुणी म्हणू नये.

साफसफाईचं थोडक्यात. जिलेटिनची पाटी गार पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावी, विकतच्या पाटीला बेबी ऑइलचा हात फिरवावा. रोलरवरचा रंग मोरीत धुऊ नये. तो जुन्या कागदावर गुंडाळून काढावा, मोरी तुंबत नाही आणि तो कागद पुढे कामाला येतो. पाटी गुळगुळीत प्लास्टिकमध्ये ठेवावी, वर्तमानपत्रात कधीही नाही. मी ठेवली होती. दुसऱ्या दिवशीच्या छाप्यात असीरगडावरच्या आकाशात हिंदी अक्षरं उमटली, तीही सुलटी. कागदावरची शाई पाटीवर उलटी गेली होती आणि पाटीवरून पुन्हा उलटी होऊन सरळ झाली होती. केळीच्या बाजारभावाची बातमी होती. तो छापा मी फेकला नाही.

संध्याकाळी ओसरीत दोरीवर सतरा छापे वाळत होते. मामी हात मागे बांधून एकेकापुढे थांबत गेली. तिने चित्रांचं कौतुक केलं नाही की नावंही ठेवली नाहीत. शेवटच्या न्यूजप्रिंटपाशी मात्र ती बराच वेळ उभी राहिली.

"गड उलटा आहे," ती म्हणाली. "ती उतरती बाजू तिकडे पाहिजे. मी रोज पाहते."

मी पाटीवर डोंगर जसा दिसतो तसाच ठेवला होता. कागदावर डावं-उजवं बदलणार हे मीच विसरले होते. मी तिला समजावू लागले तोवर तिने चिमटे काढले, छापा हातात घेतला, पाठ आपल्याकडे करून मावळतीच्या उजेडासमोर धरला. पातळ कागदातून रंग पलीकडून दिसत होते, फिके. आकाश आता सगळ्यांत जवळ होतं आणि माती सगळ्यांत मागे.

"हं," मामी म्हणाली, "असा लाव."